टाकीच्या खांबावरची खाच

दिवाळीनंतर आमच्या सोसायटीची गच्ची फोडायची आहे. अठरा वर्षांत कोब्यावर तीनदा वॉटरप्रूफिंगचे थर चढले, तरी बाविसाव्या मजल्यावरचे आम्ही पावसाळ्यात बादल्या लावतोच. शेवटी स्ट्रक्चरल ऑडिट करणाऱ्यानं स्पष्ट लिहून दिलं, की वरवरची मलमपट्टी पुरे, आता कोबा काढून थेट स्लॅबपर्यंत जा. त्याच अहवालात पुढे बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा होत्या, छज्ज्यांतून डोकावणाऱ्या गंजक्या सळयांचे फोटो होते. थोडक्यात, गच्चीपाठोपाठ बाहेरची दुरुस्ती आणि रंगही आलाच. आणि त्यासाठी बावीस मजले उंचीवर माणसं टांगणं आलं.

आमचे चेअरमन सगळ्या सोसायटीचे मामा आहेत. घोडबंदर रोडला राहायला येण्याआधी पस्तीस वर्षं त्यांनी रंगकामाची आणि दुरुस्तीची कंत्राटं घेतली. गिरगावातल्या चाळींना बांबूची परांची बांधण्यापासून त्यांची सुरुवात. त्यांची खरीखुरी भाची सिव्हिल इंजिनिअर आहे. काही वर्षं दुबईत होती, आता मुंबईत असते, आणि उंच इमारतीच्या अंगावर माणसं सुखरूप खाली सोडायची आणि वर घ्यायची कशी, एवढ्याच एका प्रश्नावर तिचं पोट चालतं. एका रविवारी ती मामांकडे जेवायला आली होती. मी खजिनदार. कोटेशनांचा गठ्ठा घेऊन गेलो आणि दोघांच्या मध्ये सापडलो.

भाचीचं म्हणणं एका वाक्यातलं होतं. कोबा निघून स्लॅब उघडा पडणारच आहे, तर त्याच वेळी कडेनं डेव्हिटचे पाये बसवून घ्या. पुन्हा ही संधी पंधरा वर्षं नाही.

‘‘डेव्हिट म्हणजे काय गं ते?’’ मामांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकायचं होतं.

‘‘जहाजावर लाइफबोट टांगलेली असते ना मामा, ती ज्या वाकड्या मानेच्या खांबांच्या जोडीला टांगतात, तो डेव्हिट. डेव्हिड या नावाचंच जुन्या फ्रेंचमधलं लाडाचं रूप आहे ते.’’

‘‘म्हणजे आपला दामू.’’

‘‘हो, दामूच. जहाजावर तो बोट कठड्याबाहेर काढून पाण्यात सोडतो, इमारतीवर माणसांचा झुला कठड्याबाहेर काढून हवेत सोडतो.’’

‘‘टायटॅनिकवर होते का हे दामू?’’

‘‘सोळा जोड्या.’’

‘‘आणि बोटी?’’

‘‘वीस.’’ मामा कुठे निघालेत ते तिला कळलं, पण तिनं आकडे लपवले नाहीत. ‘‘बाराशेहून थोड्या कमी माणसांची सोय होती, आणि जहाजावर बावीसशेच्या आसपास माणसं. त्या वेळच्या नियमानुसार खरं तर सोळाच बोटी लागत होत्या. चार जास्त होत्या.’’

‘‘मग झालं तर. लोखंड उत्तम, नियम पाळलेला, आणि माणसं बुडाली. आमटी घे अजून.’’

जेवणानंतर आम्ही गच्चीवर गेलो. मामांचं वय पंच्याहत्तर. लिफ्टच्या मशीनरूमपर्यंतचा शेवटचा जिना ते अजूनही कठड्याला हात न लावता चढतात.

भाचीनं कठड्यापासून दोन पावलं आत उभं राहून चपलेच्या टोकानं जमिनीवर एक चौकोन दाखवला. इथे काँक्रीटचा छोटा ओटा, त्याच्या सळया खालच्या तुळईत रुजवलेल्या. ओट्यावर बोल्टांनी आवळलेली पोलादी बैठक. एवढंच कायमचं. वरचा खांब आणि आडवा हात सुटे असतात, बहुतेक ॲल्युमिनियमचे, एका पायावरून दुसऱ्या पायावर ढकलगाडीनं न्यायचे. झुल्याला दोन दोर, म्हणून दोन डेव्हिट. समोरचा पट्टा झाला की पुढच्या जोडीवर.

‘‘आणि तो खांब उभा करताना कठड्यावरून खाली गेला म्हणजे?’’ मामा.

‘‘म्हणूनच बैठकीला बिजागरी असते. खांब आडवा आणायचा, गच्चीच्या आतल्या बाजूला. अमेरिकेचा नियम सांगतो की आडव्या रेषेपासून पस्तीस अंशांहून जास्त वर नसताना तो बैठकीत घालता-काढता आला पाहिजे, आणि त्या वेळी सगळाच्या सगळा इमारतीच्या आत असला पाहिजे. मग उभा करायचा, खीळ घालायची, खिळीला कुलूप, आणि त्यानंतरच झुला अडकवायचा. छत्तीस किलोहून जड भाग असेल तर तो न्यायला गाडी दिलीच पाहिजे, खांद्यावरून नाही.’’

छत्तीस किलोवर मामा थबकले. त्यांच्या काळी सिमेंटची पन्नास किलोची गोणी पोरं पाठीवर घालून चार मजले चढायची, आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. हे त्यांनी तेव्हा बोलून दाखवलं नाही, संध्याकाळी मला एकट्याला सांगितलं.

मग त्यांनी आपली बाजू मांडली, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा ती फार भक्कम निघाली. खडू मागवला. कोब्यावर एक लांब रेघ ओढली.

‘‘हा आपला नेहमीचा झुला. गच्चीवर दोन बीम, पुढचं टोक कठड्याबाहेर दीड मीटर. मागचं टोक टेकूपासून साडेचार मीटर आत, त्यावर वजनं. पंचवीस पंचवीस किलोचे ठोकळे, एका बीमला वीस. पाचशे किलो. खालून एका दोरावर भार धर पाचशे, झुला, माणसं, माल सगळं मिळून. पुढे पाचशे गुणिले दीड, साडेसातशे. मागे पाचशे गुणिले साडेचार, सव्वादोन हजार. तिप्पट. बीम उलटायला तिप्पट भार लागेल. बरोबर?’’

‘‘बरोबर. अमेरिकेत चौपट मागतात.’’

‘‘मग सात ठोकळे वाढव, झाले चौपट. मुद्दा तो नाही. मुद्दा हा, की हे ठोकळे झुल्यावर चढणारा पोरगा स्वतः मोजू शकतो. शाळेत गेला नसला तरी वीसपर्यंत येतं त्याला. तुझ्या त्या ओट्याच्या पोटात बोल्ट किती खोल गेलाय, केमिकल नीट भरलंय का, आत गंज आहे का, हे तो कसं मोजणार? ते तुझ्यासारखी इंजिनिअरीण सांगणार, कागदावर. तो कागद ऑफिसात, पोरगा दोरावर.’’

भाची थोडा वेळ काहीच बोलली नाही. मलाही यावर उत्तर सुचलं नाही. टांगलेल्या माणसाला आपण कशाला टांगलेलो आहोत ते दिसावं, ही मागणी साधी आहे, आणि कुठल्याच नियमावलीत मी ती इतक्या सरळ शब्दांत वाचलेली नाही.

‘‘मामा,’’ ती म्हणाली, ‘‘वाळूच्या पोत्यांची गोष्ट सांगा ना काकांना.’’

मामांनी तिच्याकडे रागानं पाहिलं. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ असावी. तरी सांगितली. प्रभादेवीला सात मजली इमारत. तेव्हा ठोकळे वगैरे कोण वापरतो, बीमच्या मागच्या टोकावर वाळूची पोती रचायची. दुपारी जेवायला सगळे खाली उतरलेले. मामा सहज गच्चीवर गेले, तर पाण्याची टाकी भरून वाहत होती. पाणी उताराच्या दिशेनं म्हणजे पोत्यांखालून चाललेलं. दोन पोती उसवली होती आणि वाळू पाण्याबरोबर पन्हळीच्या तोंडाशी जाऊन बसली होती, एखाद्या ओहोळाच्या मुखाशी बसावी तशी, छान पंख्यासारखी पसरून. पोत्यांचा ढीग दुरून होता तेवढाच दिसत होता. हात लावला तर वरची पोती पोकळीवर टेकलेली.

‘‘तासाभरानं चार माणसं परत झुल्यावर चढणार होती,’’ मामा म्हणाले. ‘‘मी त्या दिवशी जेवलो नाही.’’

‘‘अमेरिकेच्या नियमात शब्दच आहे,’’ भाची म्हणाली, ‘‘वजन न सांडणाऱ्या पदार्थाचं हवं. वाळू नको, खडी नको. विटा नकोत, डांबरी नमद्याची भेंडोळी नकोत, बांधकामाचं कुठलंच सामान नको. वजन म्हणून बनवलेलंच वजन हवं, आणि ते बीमला आवळलेलं हवं. हे कुणी ऑफिसात बसून सुचलेलं नाही मामा. प्रत्येक शब्दामागे अशी एकेक दुपार असणार. तुमची वाळू पाण्यानं नेली, ठोकळे माणसं नेतात. ताडपत्रीवर ठेवायला एक, दार वाऱ्यानं आपटतं म्हणून एक. वीस मजले खाली असलेल्या पोरानं सकाळी वीस मोजले होते. अकरा वाजता किती आहेत?’’

मामा म्हणाले, ‘‘म्हणून गच्चीवर एक माणूस कायम बसवायचा. मी बसवायचो, त्या दिवसानंतर.’’

‘‘तुम्ही बसवायचात.’’

इथपर्यंत सामना बरोबरीत होता. पुढे जे झालं ते मामांच्याच एका फटक्यामुळे. त्यांनी विचारलं, तुझी अमेरिका हे सुटे बीम वापरूच देत नाही का? भाचीनं प्रामाणिकपणे सांगितलं, देते. इमारतींच्या देखभालीच्या झुल्यांसाठी त्यांचा जो नियम आहे, त्यात सुट्या बीमवरून झुला सोडायला तीनशे फुटांपर्यंत परवानगी आहे, म्हणजे साडेएक्क्याण्णव मीटर.

‘‘आपली इमारत किती, खजिनदार?’’

‘‘सत्तरच्या आत,’’ मी म्हणालो.

‘‘मग आपण त्यांच्या नियमात बसतो! कशाला हव्यात बैठका?’’ मामांनी हात झटकले, खडूची पूड उडाली.

‘‘नियमाचं पुढचं वाक्य ऐका. तो सुटा बीम काम चालू असेपर्यंत सगळा वेळ इमारतीच्या पक्क्या, तपासलेल्या अँकरला मागून बांधलेला पाहिजे. वजनं ठेवून वर शिवाय बांधलेला. अँकर कशाला म्हणायचं, तर इमारतीच्या मूळ सांगाड्याला. पाण्याचे पाइप, व्हेंट, विजेचे कंड्युट यांना नाही. दाखवा ना मला, आपल्या गच्चीवर तो अँकर कुठे आहे.’’

आम्ही तिघांनी शोधला. खरंच शोधला. कठड्याला काही नव्हतं, आणि कठडा अर्ध्या विटेचा आहे, त्याच्यावर भार टाकायचा नाही हे मामांनीच सांगितलं. मशीनरूमच्या भिंतीत एक कडी होती, ती डिश अँटेनावाल्यानं ठोकलेली, हातानं हलली. शेवटी मामा टाकीच्या पलीकडे गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली.

पाण्याच्या टाकीच्या नैऋत्येकडच्या खांबाचा कोपरा, जमिनीपासून साधारण हातभर उंचीवर, बोटभर खोल घासलेला होता. प्लास्टर गेलेलं, आतलं काँक्रीट दिसत होतं, खाच गुळगुळीत. तिच्यात निळ्या नायलॉनचे दोन-तीन धागे अडकलेले होते. मागचा रंग झाला त्या वेळचे. त्या वेळी मी खजिनदार नव्हतो, पण इथेच राहत होतो, आणि माझ्या खिडकीबाहेरून पायांचे तळवे वर जाताना रोज पाहत होतो. त्या पायांची लाइफलाइन इथे बांधली होती. एकाच खांबाला किती जणांची, ते खाचेवरून सांगता येत नाही.

मामा वाकून खाचेवरून अंगठा फिरवत होते. ‘‘इथे पोत्याचं पटकुरं गुंडाळायला काय झालं होतं,’’ ते स्वतःशीच म्हणाले. ‘‘कोपऱ्यावर दोर घासतो. एक पटकुरं.’’

हा लेख लिहायला बसलो तो त्या खाचेपायी. डेव्हिट घ्यावा की सुटे बीम, हे प्रकरण मला तांत्रिक वाटत होतं. दर काय, हमी किती वर्षांची, एवढं पाहून मी मत दिलं असतं. पण मामांची सुटी पद्धत आणि भाचीची कायमची पद्धत दोन्ही शेवटी एकच गोष्ट गृहीत धरतात, की गच्चीवर दोर बांधायला एक भरवशाची जागा आहे. आमच्याकडे ती नव्हती. बिल्डरनं स्विमिंग पूल दिला, क्लबहाउस दिलं, लॉबीत इटालियन मार्बल दिलं. इमारत उभी आहे तोवर तिला बाहेरून हात लावावा लागणार, हे मात्र ना त्याच्या आराखड्यात होतं, ना आमच्या अपेक्षेत. ताबा घेताना आम्ही नळ सोडून पाहिले, फरशीवर नाणं वाजवून पाहिलं. गच्चीवर दोर बांधायची जागा कुणी मागितली नाही.

खाली येऊन चहा घेताना भाचीनं टोरोंटोची हकीकत सांगितली. २००९ सालची, नाताळच्या आदल्या दिवसाची. राहत्या इमारतीच्या गॅलऱ्यांचं काँक्रीट दुरुस्त करायचं काम, अगदी आपल्यासारखं. तेराव्या मजल्याच्या उंचीवर झुल्याचा सांगाडाच मधोमध तुटला. झुल्यावर सहा माणसं, लाइफलाइन दोन. एक जण नीट बांधलेला होता, तो वर लटकत राहिला. पाच पडले, त्यातले चार गेले. बहुतेक परदेशातून पोटासाठी आलेले कामगार होते. पुढे कंपनीला साडेसात लाख डॉलर दंड झाला आणि प्रकल्प सांभाळणाऱ्या माणसाला साडेतीन वर्षांची कैद.

‘‘म्हणजे गच्चीवरून काही सुटलं नव्हतं,’’ मामा म्हणाले.

‘‘नाही.’’

‘‘तिथे तुझा डेव्हिट असता तरी ती माणसं गेलीच असती.’’

‘‘गेलीच असती.’’

एवढं बोलून ती चहा पीत राहिली. आपल्याच विरुद्ध जाणारं उदाहरण तिनं का सांगितलं, ते मला आधी कळेना. मग लक्षात आलं, ती डेव्हिट विकायला आलीच नव्हती. तिला माणशी एक दोर आणि त्या दोराला एक जागा हवी होती. झुला ज्या दोरांवर लटकतो ते वेगळे, आणि माणसाच्या हार्नेसमागे जातो तो वेगळा, त्याचा वरचा आधारही वेगळा. झुला संपूर्ण कोसळला तरी माणूस हवेत राहिला पाहिजे. अमेरिकेत हार्नेसच्या अँकरला माणशी पाच हजार पौंड झेपले पाहिजेत, म्हणजे जवळपास सव्वादोन टन. सत्तर किलोच्या माणसासाठी सव्वादोन टन कशाला, असं मी विचारलं. माणूस पडतो तेव्हा तो सत्तर किलोचा राहत नाही, असं मामांनीच उत्तर दिलं.

यानंतर वाद राहिला तो खर्चाचा, गळतीचा आणि सहीचा. खर्चाबद्दल फार लिहीत नाही. उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दर वर्षी सिंकिंग फंडात आणि किमान पाऊण टक्का दुरुस्ती निधीत जायला हवा, आमच्याकडे तो बऱ्यापैकी गेलेला आहे. पैसे आहेत.

गळतीचं मात्र मामांनी सोडलं नाही. ‘‘आयुष्यभर गच्च्या बंद करत आलो. जिथे कोब्यातून काहीही आरपार गेलंय, तिथेच पाणी सापडलंय. पाइप असो, खांब असो, कपडे वाळत घालायच्या तारेचा अँगल असो. आणि तू बारा ठिकाणी भोकं पाडणार, तीही आत्ताच सगळी गच्ची नव्यानं करताना.’’

‘‘आत्ताच, म्हणून तर. वॉटरप्रूफिंग झाल्यावर भोक पाडलं तर गळेल. आधी ओटे उभे करायचे, मग थर ओट्याच्या अंगावर फूटभर वर चढवून घ्यायचा, कठड्याला चढवतो तसाच. बैठक ओट्याच्या डोक्यावर, पाण्याच्या वर. आणि बोल्ट साध्या लोखंडाचे नकोत. खाडी इथून किती लांब आहे? वारा खारटच.’’

‘‘तुळईवरच बसवणार ना? नुसत्या स्लॅबवर नाही?’’

‘‘नुसत्या स्लॅबवर डेव्हिट नाहीच. तुमचाच हिशेब घ्या. पाचशे किलो, दीड मीटर बाहेर, साडेसातशेचा पीळ. बोल्टांच्या दोन रांगांत अंतर फूटभर, तर मागची रांग अडीच टनांनी वर उपटली जाते. चौपट धरलं तर दहा टन. सहा इंची स्लॅब ते सोसणार नाही, तुळई आणि खांब लागणारच.’’

मामांनी तोंडातल्या तोंडात गुणाकार करून पाहिला आणि मान हलवली. हिशेब जुळला की ते वाद घालत नाहीत, ही त्यांची जुनी सवय. पण लगेच दुसरीकडून आले. डक्टमध्ये काय करणार? आमच्या इमारतीला चार डक्ट आहेत, चार फूट रुंद, आत पाइपांचं जंगल. झुला आत जातच नाही. भाचीनं कबूल केलं, तिथे डेव्हिटचा उपयोग शून्य. तिथे दोरावरून उतरणारी प्रशिक्षित माणसं लागतील, माणशी दोन दोर, एक कामाचा आणि एक राखीव, दोन्ही वेगवेगळ्या अँकरना. पुन्हा अँकर. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या बाजूला लोकांनी लावलेल्या ग्रिल आणि एसीचे डबे बाहेर आलेत, तिथेही झुला सरळ उतरणार नाही. म्हणजे डेव्हिट खऱ्या अर्थानं चालणार फक्त दोन सपाट बाजूंना. तिच्या मूळ आराखड्यात तो चारही बाजूंना होता. तिथल्या तिथे तिनं दोन बाजू खोडल्या.

एसीचा विषय निघाला तेव्हा मला गप्प बसवेना. एप्रिलमध्ये आमचा एसी दुरुस्त करायला एक मुलगा आला होता, विशीतला. तो खिडकीतून बाहेर उतरला, छज्ज्यावर उभा राहिला, एका हातानं ग्रिल धरली आणि दुसऱ्या हातानं गॅस भरला. बाविसावा मजला. मी त्याला आतून स्क्रूड्रायव्हर दिला, नंतर सरबत दिलं. कशाला तरी बांधलंयस का, हे विचारायचं मला सुचलंही नाही. आणि विचारलं असतं आणि तो ‘कशाला बांधू’ म्हणाला असता, तर मी त्याला काय दाखवणार होतो?

आता सही. हा मामांचा खरा मुद्दा होता, तो सगळ्यात शेवटी आला.

‘‘कंत्राटदार त्याचा झुला आणतो, त्याचे बीम, त्याचे ठोकळे. काही झालं तर त्याचं डोकं. एकदा का लोखंड आपल्या गच्चीला रुतलं, की ते सोसायटीचं. उद्या कुणाला काही झालं तर म्हणतील, चेअरमननं दिलेल्या अँकरला बांधलं होतं.’’

‘‘हो, म्हणतील. अमेरिकेत तर २०१६ च्या नियमानुसार दोरावरून उतरणाऱ्यांसाठी इमारतीच्या मालकानंच लेखी द्यावं लागतं, की अँकर तपासलेत, इतका भार झेपतो. दर वर्षी जाणकाराकडून पाहणी, आणि जास्तीत जास्त दहा वर्षांनी पुन्हा प्रमाणपत्र. सोसायटीत मालक म्हणजे तुम्हीच. सही तुमचीच.’’

‘‘आणि दहा वर्षांनी चेअरमन कोण असेल? तो पाहील? हे बघ, सुटं सामान दर वेळी नव्यानं मांडावं लागतं, म्हणून दर वेळी कुणीतरी बघतं. कायमचं लोखंड लोक विसरतात. फायरचा होज रील बघ आपला, कधी उघडलाय? तुझ्या बैठका पाच वर्षं कुंड्या ठेवायला वापरतील, मग एक दिवस रंगवाला येईल आणि भरवशानं टांगून घेईल. ही भीती आहे मला. त्या मोडक्या कडीला निदान कुणी भरवशाची समजत तरी नाही.’’

मला वाटतं, त्या दिवसातलं सगळ्यात खरं वाक्य हे होतं, आणि भाचीलाही तसंच वाटलं असावं, कारण तिनं ते वहीत लिहून घेतलं. तरी मी तिच्या बाजूचा आहे. मामांची पद्धत मामा गच्चीवर असतील तेव्हाच सुरक्षित आहे. कायद्यावर विसंबावं, तर १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानं दुरुस्ती आणि देखभालही बांधकामात धरली, पण तो लागू होता दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांनाच. रंगाच्या टोळीत कागदावर नऊ माणसं कशी दाखवतात, हेही मला मामांनीच शिकवलं आहे.

भाची गेली. पुढच्या दोन आठवड्यांत मामांनी ठरावाचा मसुदा तीनदा बदलला. सर्वसाधारण सभेत तो मंजूर झाला तो असा. उत्तर आणि दक्षिण बाजूंना डेव्हिटच्या बैठका, एकूण आठ, सगळ्या तुळयांवर. वरचे खांब सोसायटी विकत घेणार नाही, भाड्यानं आणायचे. चारही बाजूंना आणि डक्टच्या तोंडाशी हार्नेससाठी अँकर, प्रत्येकावर नंबर आणि पुढच्या तपासणीची तारीख पोलादी पट्टीवर कोरलेली. टाकीच्या खांबाला दोर बांधायला मनाई. वारा ताशी चाळीस किलोमीटरच्या वर गेला की काम बंद, त्यासाठी वाऱ्याचा मापक गच्चीच्या दाराशी. आणि एक कलम मामांचं स्वतःचं, त्यावर त्यांनी कुणाला चर्चा करू दिली नाही. झुल्यावर चढणाऱ्या प्रत्येक माणसाला कामाच्या पहिल्या सकाळी गच्चीवर न्यायचं, त्याचा दोर ज्याला बांधणार तो अँकर त्याला दाखवायचा, हातानं हलवून बघू द्यायचा, खीळ कुठे आणि कुलूप कुठे ते सांगायचं, मगच त्याला खाली सोडायचं. हे कलम मराठीत आहे, खाली हिंदीत आहे, आणि त्याखाली बंगालीतही लिहून घ्यायचं ठरलंय, कारण रंगाला येणारी पुष्कळ पोरं मालदा-मुर्शिदाबादकडची असतात.

हार्नेसचे काही अँकर तुळईवर येत नाहीत. तिथे बोल्ट स्लॅबमधून आरपार न्यावे लागतील आणि खालून पोलादी प्लेट लावावी लागेल. असा एक अँकर आमच्या बेडरूमच्या बरोबर वर येतो. छताला वहीएवढी प्लेट आणि चार नट दिसतील, पंख्यापासून हातभर अंतरावर. सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे : २२०३ ची हरकत नाही.